छताला लावलेले डोळे

काकांना गॅरेजच्या दारातलं सगळं कळतं, असं काकांचं मत होतं. दाराचं मत कुणी विचारलं नव्हतं.

भिंगरीला विचारलं असतं तर तिनं दोघांची मतं सांगितली असती आणि वर स्वतःचंही जोडलं असतं. पण तिला विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. ती नुकतीच दहावीत गेली होती, शाळेच्या वादविवादात भल्याभल्यांना गप्प करून आली होती, आणि तिला अलीकडे एक शोध लागला होता. मोठी माणसं बरोबर असतात म्हणून मोठ्यानं बोलतात असं तिला लहानपणापासून वाटत होतं. नीट कान दिल्यावर कळलं, की ज्याला काही येत नाही त्याचाच आवाज सगळ्यात आधी चढतो. तेव्हापासून काका बोलायला लागले की जांभई द्यायचं तिनं सोडून दिलं. ती हनुवटीखाली हात घेऊन ऐकत बसायची. फुकटची करमणूक कोण सोडतं?

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. नोकरी एका कंपनीत, कुठल्या खोलीत किती खुर्च्या लागतील ते ठरवायची. पण सुट्टी आली की ते कमरेला हत्यारांचा पट्टा बांधून गॅरेजमध्ये असे उतरत, जणू आत विमान पडलंय. पट्ट्यात हातोडी, पक्कड, पाना, झाडून सगळ्या मापांचे स्क्रू ड्रायव्हर. त्यातला एकच नेमानं वापरला जायचा, पाठ खाजवायला.

दार साधंच होतं. आडव्या पट्ट्यांचं, बटण दाबलं की दोन बाजूंच्या रुळांतून वर सरकत जाऊन छताखाली पालथं पडणारं. खाली, घोट्याच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना एकेक बोटभर यंत्र होतं. घरात त्यांना ‘डोळे’ म्हणत. हे दोन डोळे एकमेकांकडे टक लावून बसायचे, आणि दार खाली येताना मध्ये कुणाचा पाय, मांजर, चेंडू, काहीही आलं की दार तिथंच थबकून मुकाट्यानं वर जायचं. दारानं घरातल्या कुणाला त्रास द्यायचा नाही, म्हणून बनवणाऱ्यानं त्याला ही अक्कल दिली होती. बनवणाऱ्याला काका माहीत नव्हते.

पहिला बळी रिमोटचा गेला. दार उघडता-मिटता येईल असा एकच रिमोट घरात होता, आणि तो कधीकधी दोनदा दाबावा लागतो म्हणून काकांनी तो ‘सर्व्हिसिंग’ला घेतला. खोलला. आत काय आहे ते सगळ्यांना दाखवलं. मग ते सगळं बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवलं, आणि तिथंच सर्व्हिसिंग संपलं. त्यानंतर दार मिटायला एकच बटण उरलं, आतल्या भिंतीवरचं. म्हणजे बाहेर जायचं तर आतून बटण दाबायचं, धूम पळायचं, खाली येणाऱ्या दाराखालून वाकायचं, वाकता वाकता डोळ्यांच्या रेषेवरून उडी मारायची आणि बाहेर पडायचं.

आता दुसऱ्या कुठल्याही घरानं काय केलं असतं? नवा रिमोट आणला असता. या घरानं पळायची सवय करून घेतली. हळूहळू त्यात प्रत्येकाची तऱ्हा ठरली. बाबा ऑफिसची बॅग डोक्यावर धरून पळायचे, जणू वरून दगड पडतायत. आई पर्स पोटाशी कवटाळून तिरकी निघायची. भिंगरी तर शेवटच्या क्षणापर्यंत थांबून, दार कमरेखाली आलं की सूर मारल्यासारखी सटकायची आणि बाहेर जाऊन स्वतःच टाळ्या वाजवायची. काकू कधी पळाल्याच नाहीत. त्या आधीच बाहेर जाऊन उभ्या राहायच्या आणि मान वळवून म्हणायच्या, “अगं, कुणीतरी बटण दाबा गं!” काकूंचं सगळं शहाणपण असं गपचूप चालायचं.

राहिले काका. काकांना वाकता यायचं, उडीही मारता यायची, पण दोन्ही एकदम जमेना. वाकले की पोट मध्ये यायचं, मग पाय उचलायचा राहायचा. पाय रेषेत आला की दार थबकून वर. काका परत आत, परत बटण, परत धावाधाव, परत दार वर. सकाळी ऑफिसच्या घाईत त्यांचा हा व्यायाम चालला की भिंगरी दप्तर घेऊन पायरीवर बसून बघायची.

“सेन्सरमध्ये लोचा आहे,” काका धापा टाकत म्हणायचे.

“हो ना,” भिंगरी म्हणायची. “मला बरोबर ओळखतो आणि तुम्हालाच नेमका अडवतो. कुणी शिकवलं असेल त्याला?”

घरात न पळणारं आणखी एक माणूस होतं, आप्पा. आप्पा म्हणजे बाबांचे आणि काकांचे वडील. कंबरेचं हाड मोडल्यापासून ते वॉकर घेऊन चालायचे. पुढच्या दाराला उंच पायऱ्या होत्या, तिथून वॉकर उतरायचा प्रश्नच नव्हता. गॅरेजची जमीन मात्र सरळ रस्त्याला जाऊन मिळायची. म्हणून रोज संध्याकाळी आप्पा बूट घालायचे, केस विंचरायचे आणि गॅरेजमधून एकटे बाहेर पडायचे. कोपऱ्यावर एक बाक होता. तिथं त्यांचे दोन मित्र येत, एकाला कमी ऐकू यायचं आणि दुसऱ्याला फार बोलायला लागायचं, त्यामुळे त्यांचं छान जमायचं. तो बाक हा आप्पांचा अख्खा दिवस होता. सकाळपासूनचं सगळं, औषधं, पेपर, डुलकी, हे नुसतं तिथं पोचायची वाट बघणं. आप्पा बाहेर पडले की मागून आई बटण दाबायची, आणि ते रेषेतून पुरते बाहेर गेले नसतील तर दार समजूतदारपणे वर जाऊन वाट बघायचं. आप्पांना घाई करायला लावत नाही असं घरात तेवढं ते दारच होतं.

मग काकांनी वर्षभर दाराची काळजी घेतली.

थंडी पडली तशी दार कुरकुरायला लागलं. काका म्हणाले, वंगण हवं. वंगण बिजागऱ्यांना आणि चाकांच्या दांड्यांना थोडंसं लावतात, रूळ मात्र पुसून कोरडे ठेवतात. काकांनी ग्रीसचा डबाच रुळात रिकामा केला, पावाला लोणी थापावं तसा. रस्त्यावरची धूळ, झाडाचा पाला, शेजारच्या कुत्र्याचे केस, सगळं येऊन त्यात रुतलं. चाकं त्यात अडकायला लागली. काका म्हणाले, “बघितलंत? ग्रीस कमी पडलं.” आणि आणखी थापलं.

ऊन तापलं तेव्हा काकांनी दार रंगवलं. एकदा ब्रश हातात आल्यावर ते थांबतात कसले! दार रंगवलं, दाराच्या बुडाची रबरी पट्टी रंगवली, आणि दारावर एक पिवळा कागद डकवलेला होता, खाली येणाऱ्या दाराखाली माणूस उभा असल्याचं चित्र आणि त्यावर मोठी लाल फुली, तोही रंगवून टाकला. का, तर तो ‘शोभत नव्हता’. रबर रंगासकट जमिनीला चिकटलं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा चर्र्र करून निम्मी पट्टी जमिनीवरच राहिली.

“नव्या रंगाला सुरुवातीला होतं असं,” काका म्हणाले.

“चपलेला नवा रंग दिला तर चप्पलही रस्त्यात राहते का हो काका?” भिंगरीनं विचारलं.

“हिला जरा आवरा रे,” काका बाबांना म्हणाले. बाबांनी पेपर वर केला. वाद टाळायचा असला की बाबा पेपराच्या मागं राहायला जात.

मग पाऊस आला, आणि दारावरच्या आडव्या दांड्यावर जी जाडजूड स्प्रिंग असते, जिच्यामुळे एवढं वजन हलकं होतं, ती गंजली. वर्षभरात तिला थेंबभर तेल मिळालं नव्हतं, सगळे लाड रुळाचे झाले होते. स्प्रिंग सैल पडली, दार जड झालं. मोटर कण्हायला लागली आणि मध्येच थांबून दार परत वर नेऊ लागली. कुणालाही कळलं असतं, की बाई दमलीय, हिच्यावरचं ओझं बघा. काकांना मोटरच्या पाठीवर एक स्क्रू सापडला. किती जोर लावायचा ते ठरवणारा. काकांनी तो पार शेवटपर्यंत पिळला, खाली उतरून हात झटकले आणि छाती फुगवून सगळ्यांना ऐकवलं,

“आता हे दार कुणाच्या बापाला ऐकणार नाही!”

आणि एवढ्यावर न थांबता त्यांनी डोळ्यांचं ऑपरेशन केलं. घोट्याजवळचे दोन्ही डोळे काढले, वायरी लांबवल्या आणि दोन्ही नेऊन ठोकले छताला, ट्यूबलाइटच्या शेजारी, एकमेकांसमोर. डोळे एकमेकांना दिसत होते, म्हणून मोटरला वाटत होतं सगळं आलबेल आहे. खाली माणूस उभा असो की अख्खा बँड वाजत असो, वर ते दोघं नजरेला नजर भिडवून बसलेले, जगाचं भान हरपून.

“आप्पांच्या वॉकरमुळे दार सारखं वर जायचं,” काकांनी कारण सांगितलं. “त्यांच्यासाठीच केलं सगळं.”

आप्पा म्हणाले, “बरं.” आप्पांच्या पिढीला मुलानं काही केलं की बरं म्हणायची खोड असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पहिल्याच फटक्यात दाराखालून बाहेर पडले. पाय उचलायची गरजच नव्हती. बाहेर जाऊन त्यांनी टायची गाठ सारखी केली. भिंगरी पायरीवर बसून होती. तिनं एकदा छताकडे पाहिलं, एकदा काकांच्या पोटाकडे, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिला एवढं हसू आलं की तिनं दप्तरात तोंड घातलं.

चार-सहा दिवसांनी हसू पळालं.

संध्याकाळची वेळ. आप्पा बूट घालून, केस विंचरून निघालेले. वॉकरचे पुढचे पाय बाहेर, मागचे आत, आप्पा नेमके उंबऱ्याच्या जागी. काकांना कुठंतरी जायचं होतं, उशीर झाला होता. ते फोनवर बोलत बोलत आले, बटण दाबलं, आणि पोट आत घेऊन आप्पांच्या अंगाला घासून बाहेर सटकले. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. रस्त्याकडेला लावलेल्या गाडीत बसले आणि निघाले.

क्लासवरून आलेली भिंगरी घरातून गॅरेजमध्ये पाऊल टाकते तो दार आप्पांच्या डोक्यावर.

“आप्पा, मागं!”

आप्पा मागं झाले. वॉकर सुटला. दार वॉकरच्या आडव्या नळीवर टेकलं, आणि थांबलं नाही. मोटर घुरघुरली, दार दाबत राहिलं, आणि पाय दुमडून बसणाऱ्या जनावरासारखा तो वॉकर खाली बसला. भिंगरीनं बटणावर हात आपटला. दार थांबलं. परत आपटला, तेव्हा वर गेलं.

आप्पा चपलांच्या कपाटावर टेकले होते. ते वाकड्या वॉकरकडे बघत होते आणि सारखं एकच म्हणत होते, “माझंच चुकलं गं. मला दिसलं कसं नाही.”

रात्री जेवायच्या टेबलाशी काकांनी निकाल दिला. बटण कुणी दाबलं होतं हे निकालात आलं नाही.

“आप्पांनी आता एकट्यानं बाहेर जायचं नाही. वय झालंय. दार चालू असताना मध्ये येतात, त्यांना कळत नाही.”

“ते मध्ये आले नव्हते,” भिंगरी म्हणाली. “ते आधीपासून मध्येच होते. आणि दाराला कळायला हवं ना. डोळे छताला लावलेत. छतावरून कोण चालतं, पाली?”

“ए, तू अभ्यास कर. मोठ्यांच्या बोलण्यात पडू नकोस.”

“काका, माझ्या मैत्रिणीच्या घरी असलंच दार आहे. तिची आई दर महिन्याला दाराखाली जाडी फळी ठेवते. दार फळीला टेकलं की वर जातं. नाही गेलं, तर दार दुरुस्त होईपर्यंत बंद.”

“काय करते तिची आई?”

“दातांची डॉक्टर आहे.”

“मग!” काका सगळ्यांकडे बघून हसले. “दात काढावेत तिनं. दारात कशाला पडते?”

बाबा हसल्यासारखे झाले. आई ताटाकडे बघत म्हणाली, “काही दिवस राहू दे ना बाहेर जाणं. जिवापेक्षा का बाक मोठा?” आणि आप्पांनी मान हलवली. म्हणाले, “बरं.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पांनी केस विंचरले नाहीत. त्यांनी बूट उचलले, फडक्यानं पुसले आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिले, जिथं घरातली कुणाला नको असलेली पादत्राणं राहतात. मग खिडकीशी खुर्ची ओढून बसले. त्या खिडकीतून कोपरा दिसत नव्हता.

भिंगरीला काकांची आजवर गंमत वाटायची. त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांची किळस आली. हा माणूस रिमोट मोडतो, दार मोडतो, आणि शेवटी दोष लावतो तो बापाच्या डोक्याला! तो मूर्ख होता हे तर तिला माहीतच होतं. पण वॉकर वाकडा झाला तेव्हापासून आप्पा खरंच स्वतःला खुळे समजायला लागले होते, औषध घेतलं की नाही ते आईला पुन्हापुन्हा विचारत होते, आणि हे बघूनही काकांना झोप लागत होती. घोरत होते ते!

रविवारी तिनं सगळ्यांना गॅरेजमध्ये गोळा केलं. काकांना आणणं सर्वात सोपं गेलं. “काका, दाराची वर्षभर निगा कशी राखायची ते समजावून सांगाल?” एवढंच ती म्हणाली, आणि काका पट्टा बांधून तयार. आप्पांना तिनं खुर्चीसकट आणून लांब, भिंतीशी बसवलं.

काकांनी भाषण ठोकलं. थंडीत काय, उन्हात काय, पावसात काय. भिंगरी मान डोलवत होती. दार उघडं होतं, छताखाली स्वस्थ पडलेलं.

“म्हणजे दार आता एकदम सेफ?” तिनं गोड आवाजात विचारलं.

“शंभर टक्के.”

“मग तुम्ही आडवे व्हा ना खाली. मी बटण दाबते.”

काका हसले. हसताना त्यांनी वर दाराकडे पाहिलं. आणि मग, दार जागचं हललं नव्हतं, बटणापाशी कुणी नव्हतं, तरी काका एक पाऊल मागं सरकले.

ते सगळ्यांनी पाहिलं. बाबांनी पाहिलं, कारण त्या दिवशी त्यांच्याजवळ पेपर नव्हता.

“अरे वा!” भिंगरी म्हणाली. “तुम्हाला कळतंय की सगळं! मला आपलं उगीच वाटत होतं की तुम्हाला खरंच समजत नाही. म्हणजे तुमच्या पोटाला धोका आहे, आणि आप्पांचं मात्र वय झालंय.”

“माझी कंबर धरलीय,” काका म्हणाले. “जमिनीवर झोपायला डॉक्टरांनी मनाई केलीय.”

“बरं, झोपू नका. फक्त हात ठेवा.”

“हा काय पोरखेळ चाललाय!”

“मी फळी आणलीय. तुमच्याऐवजी ती चालेल. तुमच्याइतकीच तिलाही माहिती आहे.”

“फळी नको, दाराचा रंग जाईल,” काका ओरडले. आता त्यांना काहीतरी करून दाखवणं भाग होतं. इकडेतिकडे बघून त्यांनी स्वतःचा जेवणाचा डबा उचलला, गाडीतून काढून तिथंच विसरलेला, तीन पुडांचा, जाड स्टीलचा. तो दाराच्या बरोबर मध्ये उभा केला. “बघा. दार याला टेकेल आणि वर जाईल. सगळ्यांनी नीट बघा.”

“सगळे मागं व्हा,” भिंगरी म्हणाली, आणि बटण दाबलं.

दार आलं. छतावर दोन डोळे एकमेकांत हरवलेले. दार डब्याला टेकलं, मोटरनं घसा खाकरला, आणि डबा चिरडला गेला. आधी झाकण आत गेलं, मग पुडं एकमेकांत घुसली, मग कालच्या आमटीची वाटी फुटून पिवळा ओघळ जमिनीवरून काकांच्या बुटापर्यंत आला. दार दाबतच राहिलं. भिंगरीनं परत बटण दाबून ते वर नेलं तेव्हा खाली जे पडलं होतं त्याला डबा म्हणायला मन मोठं लागलं असतं.

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, आणि हे वाक्य भिंगरी म्हातारी होईपर्यंत विसरणार नव्हती, “पण काय ताकद आहे मोटरला! मानलं पाहिजे.”

काकू पुढं आल्या. डबा पायानं हलवून बघितला. “उद्यापासून जेवण खिशात भरून न्या,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा जाऊन उभ्या राहिल्या.

“कुणाच्या बापाला ऐकणार नाही म्हणाला होतात ना?” भिंगरी म्हणाली. “तुमचेच वडील होते हो ते. आणि डोळे वर का नेले ते मी सांगू? आप्पांसाठी नाही. हे बघा.” आणि तिनं पोट पुढं काढलं, गाल फुगवले, वाकली, वाकून अडकली, पाय उचलायचा राहिला, आणि वरच्या दाराकडे असं केविलवाणं पाहिलं, की आई तोंडाला पदर लावून मागं वळली. “उडी जमत नव्हती! एक उडी जमत नव्हती म्हणून आख्खं दार आंधळं केलंत!”

एरवी काकांचा आवाज चढायला हवा होता. चढला नाही.

मग खुर्चीतून आप्पा बोलले. हळूच, जणू स्वतःशीच. “म्हणजे माझं डोकं ठीक आहे?”

बाबांनी डबा बाजूला सारला, बटण दाबून दार पुरतं मिटवलं, स्टुलावर चढले आणि मोटरची पिन विजेच्या खोबणीतून उपसून काढली. एवढं मोठं काम त्यांनी त्या घरात कधी केलं नव्हतं. पिन हातात धरून ते काकांना म्हणाले, “दादा, उद्या दुरुस्तीवाला येईल. तोवर आप्पांना पुढच्या पायऱ्यांवरून तू उतरवायचं. रोज. वॉकरपण तूच नवा आणायचास.”

दुरुस्तीवाला लगेच नाही आला, सामान यायला आठवडाभर लागला. तो आठवडा भिंगरीच्या आयुष्यातला सर्वात सुंदर आठवडा होता. रोज संध्याकाळी काका एका काखेत वॉकर आणि दुसऱ्या खांद्यावर आप्पा घेऊन पायऱ्या उतरायचे. आप्पा प्रत्येक पायरीवर थांबायचे आणि तरुणपणीची एखादी गोष्ट काढायचे. गोष्ट पुरी झाल्याशिवाय पुढची पायरी नाही. काकांचा चेहरा लाल, शर्ट ओला, आणि वरच्या पायरीवर बसून भिंगरी, “मग काय झालं हो आप्पा?”

दुरुस्तीवाल्यानं सगळ्यांना घरात पाठवून नवी स्प्रिंग बसवली. ताणलेल्या स्प्रिंगपाशी दुसऱ्या कुणी फिरकायचं नसतं. काका पक्कड घेऊन मदतीला निघाले होते, काकूंनी त्यांना खोलीत घालून बाहेरून कडी लावली. रूळ खरवडून कोरडे झाले, जोराचा स्क्रू परत ढिला झाला, डोळे छतावरून उतरून घोट्यापाशी आले. आईनं हट्टानं बाहेरच्या भिंतीवरही एक बटण लावून घेतलं, आप्पांचा हात पोचेल अशा उंचीवर. पळणं संपलं. खरं सांगायचं तर भिंगरीला तेवढं एक वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पांनी बूट खालच्या फळीवर आणवले. केस विंचरले. नवा वॉकर टेकत बाहेर गेले, वळले आणि नवं बटण दाबलं. दार खाली यायला लागलं. आप्पांनी वॉकरचा एक पाय शांतपणे पुढं सरकवून रेषेत ठेवला. दार थबकलं आणि वर गेलं.

आप्पांनी पाय काढला. बटण दाबलं. दार निम्म्यावर आलं. पाय पुढं. दार वर.

गाडी आत घ्यायला काका रस्त्यात ताटकळले होते. त्यांनी काच खाली केली. “आप्पा, काय चाललंय?”

“तपासतोय.”

“दर महिन्याला तपासायचं असतं ते! काल दुरुस्तीवाल्यानं तपासलंय की!”

“काल तू कडीच्या आत होतास,” आप्पा म्हणाले. “आज तुझ्यासमोर तपासतो.” आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

काकांनी हॉर्न वाजवला. आप्पांनी, ऐकू न येणाऱ्या मित्राची नक्कल करत, कानाला हात लावला. दार अर्ध्यावर येऊन थांबलं, वॉकरचा पाय पाहिला, आणि अदबीनं वर गेलं.